बाटलीवरचं नाव

डिंडोली, सुरत
२७ मार्च २०२५

पल्लवीस,

तू माझा नंबर बंद केलास म्हणून हा कागद काळा करायला बसले. दहावीनंतर मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढू नको. कागद साडीच्या घडीत घालतात तो आहे, लेस लावायला आलेल्या मालातला. तोही बघून हसू नको. वर्षाचा पत्ता तुझ्या मामानं दिला. नाशकात त्याच्या पोरीच्या खोलीवर आहेस एवढं कळलं. जेवतेस का, झोपतेस का, ते सांगायला कोणी नाही. मामा म्हणतो, "ताई, तिला जरा सोड." सोड म्हणजे काय, तू मांजराचं पिल्लू आहेस का?

सात दिवस झाले. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी भाकरी थापत होते. मला वाटलं, जिन्यापर्यंत जाशील आणि परत येशील. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा कळलं की गेलीस.

तुझा राग मला कळतो. लॅबचा रिपोर्ट आला, त्यात गुंगीचं, झोपेचं कुठलंच औषध सापडलं नाही असं निघालं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले की आता पुरे कर बाई, मिटव हे. माझं तोंडच तसलं आहे, तुला का माहीत नाही? "आई, त्या थंड कोकोच्या दुधात काहीतरी होतं. धर्मेंद्रभाईनं ग्लास हातात दिला, नंतर सकाळपर्यंतचं मला काही आठवत नाही." हे तू वीस वेळा सांगितलंस आणि वीस वेळा मी ऐकून घेतलं. पण कागदावर आलं ते मी थोडंच लिहिलं? लॅबवाल्यांनी लिहिलं. त्यात माझा काय दोष?

तुझे आप्पा लूमवरून बारा तासांची पाळी करून येतात, जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. तुझं नाव काढत नाहीत. धर्मेंद्र जामिनावर सुटलाय आणि मार्केटातल्या दुकानात परत मॅनेजर म्हणून बसायला लागलाय. तुझ्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर दुसरी मुलगी ठेवलीय म्हणे.

आणखी एक. फौजदार मनीषाबेनचा फोन आला होता. तुमच्या मुलीला बीपीची गोळी चालू आहे का, विचारत होत्या. मी हो म्हटलं, कधीमधी चक्कर येते तेव्हा माझ्यातली घेते. तुला विचारलं तर तूही तेच सांग. उगाच का आणि कशाला करत बसू नको.

आणि मामी म्हणाली, तू केस बारीक कापणार म्हणतेस. कापू नको. कंबरेपर्यंतचे केस मी तेल चोळून वाढवलेत. लग्न ठरलेल्या मुलीनं केस कापू नयेत. आईचं एवढं एक ऐक.

तुझी आई


डिंडोली
४ एप्रिल २०२५

पल्लवी,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं म्हणून वर्षानं मामाला सांगितलं, तेव्हा पोस्टाला दोष देता येत नाही.

पारोळ्याहून दीपकच्या घरचे येऊन गेले. आले म्हणजे दारातच उभे राहिले. साडी, नारळ, आपण त्यांच्या पोराला घातलेली अंगठी, सगळं पिशवीत परत. त्याची आई म्हणाली, आमच्या मनात काही नाही हो, पण रिपोर्टच तसा आला ना, मग पोरगी त्या रात्री होती कुठे? मी म्हटलं, चहा घ्या. नाही घेतला. ज्या माणसांसाठी मी एवढं करून बसले ती उंबऱ्याच्या आतही आली नाहीत. जाऊ दे, वाचली समज. असल्या घरात तू जन्म काढला असतास.

मनीषाबेन परवा घरी आल्या होत्या. साध्या ड्रेसवर होत्या म्हणून शेजारणीला मी त्या लेसच्या शेठाणी आहेत असं सांगितलं. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट मागितलं आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढला. मग म्हणाल्या, लॅबमधल्या बाईंना खटकलंय. बावीस वर्षांच्या मुलीच्या लघवीत बीपीचं औषध, आणि जे शोधत होते त्याचा मागमूस नाही. त्या बाईंनी पोलिसांना कळवलंय, नमुना नक्की याच मुलीचा आहे ना, खात्री करा. लघवीतही माणसाच्या पेशी असतात, कोणाची आहे ते काढता येतं. मी मान हलवत राहिले.

"बाटली भरली तेव्हा संडासात कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"मी होते. तिला धड उभं राहता येत नव्हतं."

"आणि?"

"आणि काय?"

जाताना म्हणाल्या, "बेन, नीट आठवून ठेवा. पंधरा-वीस दिवसांत जबाब घ्यायला बोलावते."

तेव्हापासून हातून धड काम होत नाही. काल तीन साड्यांना उलट्या बाजूनं लेस लावली. आप्पा म्हणाले, दवाखान्यात जा, बीपी बघून ये. तू त्या रविवारी दुपारी रिक्षातून उतरलीस ते सारखं डोळ्यांपुढं येतं. कुर्ता उलटा. चप्पल एकच. मी विचारलं, "काय व्हयनं व माय तुले?" आणि तू माझ्याकडे बघितलंस ते लहान पोरं तापात बघतात तसं. मी तुला न्हाणीत नेलं, डोक्यावरून पाणी घातलं, कपडे सोड्यात भिजवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यावरून झापलं ते तुझ्यासमोरच. पुरावा धुतलात म्हणाल्या. मला काय ठाऊक, पल्लू? घाण दिसली की माझे हात धुवायलाच जातात. पण कपड्यांचं मी कबूल केलं होतं ना? सगळ्यांसमोर केलं होतं.

केस कापू नको. रंगही लावू नको, ते सरळ करायचं केमिकलही नको. हे पत्र फाडून टाक.

आई


डिंडोली
१५ एप्रिल २०२५

पल्लवी,

तुझ्या पाच ओळी मिळाल्या. "मी तुझी गोळी कधी खाल्ली? केस का कापायचे नाहीत ते खरं सांग. लग्न मोडलं, आता ते कारण चालणार नाही. उशीला डोकं टेकलं की त्या खोलीतल्या गादीचा वास केसांतून येतो. रविवारी वर्षा मला पार्लरमध्ये नेणार आहे, मशीनच फिरवून घेणार आहे."

सकाळपासून चार वेळा कागद घेतला आणि ठेवला. आज मंगळवार. स्पीड पोस्टानं गुरुवारी पोचेल. मामालाही फोन करून ठेवलाय, हे पत्र वाचेपर्यंत तिला पार्लरमध्ये जाऊ देऊ नको. तो विचारत होता काय झालं. त्याला नाही सांगितलं. पहिलं तुला सांगते.

बाटलीवर नाव तुझं होतं. आत लघवी माझी होती.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं ऐक, कागद फेकू नको.

सोमवारी आपण सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुंगीचं औषध रक्तातून दिवसाभरात जातं, लघवीत चार-पाच दिवस सापडू शकतं, अजून वेळ गेलेली नाही, लगेच द्या. त्याच दमात म्हणाल्या, ह्यातूनच दिवस आहेत का तेही बघू, नियम आहे. मला दुसरंच ऐकू आलं, पहिलं गेलं वाऱ्यावर. आपल्या गल्लीत बायका लघवी बाटलीत धरून दवाखान्यात नेतात ते एकाच कामासाठी, दिवस गेले का बघायला. मला वाटलं, ह्या कागदावर तसलं काही आलं तर तो कागद पोलिसांत जाणार, पोलिसांतून मार्केटात, मार्केटातून पारोळ्याला. तुझी सुपारी फुटलेली, मे महिन्यातली तारीख धरलेली.

तू बाटली भरून माझ्या हातात दिलीस आणि भिंतीला टेकून डोळे मिटलेस. मी ती संडासात ओतली, नळाखाली विसळली, आणि तिथंच वळून बसले. तू विचारलंस, "आई, काय करतेस?" मी म्हटलं, मलाही लागली. ते खोटं नव्हतं बघ. बाहेर कॉन्स्टेबल उभी होती, तिच्यासमोर नर्सनं तुझ्या नावाची पट्टी चिकटवली, सील केलं. मी तिथं हात जोडून उभी होते. मला वाटलं, पोरीला वाचवलं. रोज सकाळी बीपीची गोळी घेते, ती लघवीतून बोलेल हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

आणि खरं ते मी स्वतःच्या हातानं ओतलं. धर्मेंद्र सुटला तो माझ्यामुळे. तू खोटारडी ठरलीस ती माझ्यामुळे. रिपोर्ट आला तेव्हा तू वेड्यासारखी म्हणत होतीस, "असं कसं होईल, असं कसं होईल," आणि मी तुझ्याशेजारी उभी राहून म्हणाले, मिटव. मला सगळं ठाऊक असून म्हणाले.

आता केसांचं. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी एक कागद दिला होता. तू ग्लानीत होतीस, तो माझ्याकडे दिला. त्यात लिहिलं होतं की गरज पडली तर महिना-दीड महिन्यानंतर केसांचा नमुना घेता येतो, तोवर केस कापू नयेत, रंगवू नयेत. एकदा पोटात गेलेलं औषध वाढणाऱ्या केसात राहतं म्हणे. तो कागद मी पिठाच्या डब्याखाली घातला होता. आज काढून पुन्हा वाचला. म्हणजे अजून एक जागा आहे, पल्लू, तिथं माझा हात पोचलेला नाही. फेब्रुवारीतला केस आता तुझ्या डोक्यापासून इंचभर अंतरावर असेल. मशीन फिरवलीस तर गेला.

तो वास येतो ते मला कळतं. कळतं म्हणजे काय, मला कुठला वास आला. पण आणखी थोडे दिवस सोस. माझ्यासाठी नको. त्या माणसासाठी सोस, त्याला आत टाकायला. मनीषाबेनला फोन कर. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय.

भागीरथी


डिंडोली
१८ एप्रिल २०२५

पल्लवी,

मामाचा फोन आला. तू केस कापले नाहीस, मनीषाबेनशी स्वतः बोललीस, मंगळवारी नमुना द्यायला सुरतला येणार. देवाचे आभार मानू की तुझे, कळत नाही. तुझेच मानते.

मामानं तुझा निरोपही दिला. "तिला विचार, दोन दिवसांत कोणाला दिवस जातात का?"

त्यानं सांगितलं आणि फोन ठेवून दिला. त्याला अर्थ कळला नाही, पण मला कळला. तुझे आप्पा म्हणायचे, तू वकील व्हायला हवी होतीस.

नाही जात. तीन बाळंतपणं झालेली बाई मी, मला हिशोब येतो. शनिवारी झालेलं सोमवारच्या लघवीत दिसत नाही. मागच्या पत्रात पारोळ्याची भीती, कागदाची भीती, सगळं लिहिलं आणि ही जागा तशीच मोकळी ठेवली. तू बरोबर तिथंच बोट ठेवलंस.

मला वाटलं होतं की तुला आधीपासूनच दिवस गेलेत.

धर्मेंद्रनं तुला तीनदा गाडीवरून सोडलं ते मी गॅलरीतून पाहिलं होतं. दिवाळीला दुकानातल्या सगळ्या पोरींना ड्रेस दिला, मला मात्र तुझाच रंग डोळ्यांत खुपला. फोनवर हसायचीस. जानेवारीत तुझी पाळी लांबली, मी मनात दिवस मोजत होते आणि तुला विचारत नव्हते. तू रविवारी तशी घरी आलीस, कोकोचं सांगितलंस, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की पोरीचं त्याच्याशी होतं, आता अंगाशी आलंय म्हणून ही औषधाची कहाणी रचतेय. मी तुझ्या डोक्यावर पाणी घालत होते तेव्हा हे माझ्या मनात चाललं होतं. तुझ्या दंडावर बोटांचे वळ होते आणि तरी चाललं होतं. मी बाटली ओतली ती तुला वाचवायला नाही, तुझं खोटं झाकायला. जे तू बोललीच नव्हतीस ते खोटं.

पाळी तुला त्याच आठवड्यात आली. तरी मी तोंड उघडलं नाही, कारण तोवर बाटली लॅबला गेली होती आणि मला स्वतःचं झाकायचं होतं.

उद्या अकरा वाजता जबाब आहे. मनीषाबेनला फोनवर बाटलीचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, तुमच्यावरही कलम लागू शकतं, वकील करा. आणि म्हणाल्या, का बदलली ते खरंच सांगा, अर्धवट सांगितलं तर समोरचा वकील उलटतपासणीत फाडून खाईल. म्हणून आधी तुला लिहितेय. मी खरं सांगितलं की ते कागदावर येणार. पुढं कोर्टात धर्मेंद्रचा वकील तोच कागद हातात घेऊन म्हणेल, सख्ख्या आईला पोरीवर संशय होता, मग कोर्टानं तरी हिच्यावर का विश्वास ठेवावा? तुझ्यापुढं हे मी वाढून ठेवतेय. लोकलाजेपायी केलं एवढंच सांगावं का, हजारदा मनात आलं. ते ऐकायला बरंही वाटतं, लोक माफही करतात. पण मग तुझ्या बाबतीत मी आणखी एकदा बाटली बदलल्यासारखं होईल. म्हणून सगळं सांगणार आहे. वकिलानं विचारलं तर म्हणेन, हो, होता संशय, आणि तो खोटा होता, आणि त्यामुळेच एक गुन्हेगार महिनाभर मोकळा फिरतोय.

आप्पांना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी हात धुतले, जेवले नाहीत, बाहेर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आत आले आणि म्हणाले, "मन्ही आंडेरनी मले डोळामा दखीसन सांगेल व्हतं, आन मी तुनं ऐकं." मुलीनं माझ्या डोळ्यात बघून सांगितलं होतं आणि मी तुझं ऐकलं. एवढंच बोलले. मंगळवारी ते दवाखान्याबाहेर येणार नाहीत, त्यांना तुला तोंड दाखवायची लाज वाटते. मला लाज नाही असं नाही. पण मी येणार. लांब बसेन. तू बोलली नाहीस तरी चालेल.

भागीरथी


डिंडोली
९ जुलै २०२५

पल्लवी,

मनीषाबेननी सांगितलं म्हणून कळलं. तू मला सांगणार नव्हतीस, आणि का सांगावंस?

केसांचा रिपोर्ट आला. बटेचे बारीक तुकडे करून तपासले म्हणाल्या. मुळापासून इंचभरावरच्या तुकड्यात झोपेच्या औषधाचा अंश सापडला, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे काही नाही. म्हणजे रोज घेणारी नव्हे, त्याच सुमाराला एकदा पोटात गेलेलं. माझ्या गालातून कापूस फिरवून घेतला होता, त्यावरून बाटलीतली लघवी माझीच हेही ठरलं. लॅबच्या त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. बीपीच्या एका ओळीवर त्या अडल्या नसत्या तर फाईल बंद झाली असती. त्यांनी तुला कधी पाहिलं नाही आणि तरी प्रश्न विचारला, आणि मी तुला नऊ महिने पोटात ठेवलं होतं.

धर्मेंद्रचा जामीन रद्द व्हावा म्हणून अर्ज दिलाय. पोलिसांनी अजून त्याला उचललेलं नाही, पण शेठनं त्याला घरी बसवलंय. दुकानातली दुसरी एक मुलगीही पुढं आलीय, तिलाही कोको दिला होता, मागच्या वर्षी. तुझं बघून आली म्हणे. माझ्यावर पुरावा नष्ट केल्याचं कलम लागलंय, तारखेला जाते. वकील म्हणतो, वय आणि अडाणीपणा दाखवू. मी म्हटलं, दहावी झालेली आहे, अडाणी लिहू नको.

तू मामाकडे कळवलंस की खटल्याला येशील पण ह्या घरी उतरणार नाहीस. बरं. मी कोणाला तुझी समजूत घालायला सांगणार नाही. हे शेवटचं पत्र, ह्यापुढं तू लिहिलंस तरच लिहीन.

एकच गोष्ट आहे, ती कोणत्याही जबाबात आली नाही, कारण कोणी विचारली नाही. एप्रिलमध्ये तू केस द्यायला आलीस, वर्षाला रजा नव्हती म्हणून एकटीच. मी बाकावर होते, चार हातांवर. तू बघितलंस मला. डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "सोबत कोण आहे?" तू म्हणालीस, "कोणी नाही," आणि आत गेलीस. दार लागलं. बरोबरच बोललीस.

फेब्रुवारीत त्याच बाईंनी, त्याच दारात, हेच विचारलं होतं. तुला धड उभं राहवत नव्हतं. तू माझा दंड घट्ट धरलास आणि म्हणालीस, "माझी आई आहे ना."

भागीरथी